मळीच्या पट्ट्यातली ओल : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

आमचं रान कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या काठावर. वरचा भाग काळ्या मातीचा, नदीकडचा १५ गुंठ्यांचा पट्टा मळीचा, म्हणजे नदीनं आणून टाकलेल्या मातीचा, वाळूसर. दोन्हीकडे एकच खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, दोन्हीकडे उपसा योजनेचं पाणी एकाच पाळीला. तरी उन्हाळ्यात काळ्यातला ऊस पाळीच्या दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत ताठ राहतो आणि मळीतला पाचव्या दिवशी दुपारी पानं मिटायला लागतो. काकांची गेल्या उन्हाळ्यापासूनची ही तक्रार आहे.

पावसाळ्यानंतर ठिबक घालायचं ठरलंय. ठिबकवाला दोन्हीकडे सारखीच नळी, सारखंच अंतर सांगून गेला. मला ते पटलेलं नाही. पाइपचे पैसे भरायच्या आधी मला तीन गोष्टी मोजून हव्यात: ही माती पाणी धरते किती, त्यातलं पिकाला देते किती आणि कोणत्या वेगानं देते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, प्रयोगशाळेत ओव्हन आहे, तराजू आहे. हाताशी एवढं असताना अंदाजावर का चालायचं?

१७ जानेवारी

बरणीची चाचणी. दोन्ही माती २ मिमीच्या चाळणीतून चाळून घेतल्या. कण एकमेकांपासून सुटावेत म्हणून पाण्यात थोडं कॅल्गॉन घातलं, बरण्या खूप वेळ हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या.

मळीच्या मातीचा मोठा भाग बघता बघता खाली बसला. ०.०५ मिमीचा कण पाण्यात १० सेंमी उतरायला साधारण पाऊण मिनिट घेतो. ०.००२ मिमीचा, म्हणजे चिकणमातीचा सर्वांत जाड कण तेवढंच अंतर उतरायला सुमारे ८ तास घेतो. पडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणून एवढी तफावत. मळीत जवळजवळ ८० टक्के वाळू निघाली. काळ्या मातीची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होती.

वाळू भिंगाखाली पाहिली. काळपट, सह्याद्रीच्या बेसाल्टची झिजून आलेली, मधेमधे जांभ्याचे तांबूस दाणे. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांनी घाटमाथ्यावरून आणलेलं हे सगळं.

२५ जानेवारी

पाणी किती वेगानं खाली जातं ते मोजलं. १० सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपात ३० सेंमी माती, तिच्यावर सतत १० सेंमी पाणी, खाली मोजपात्र. ही रीत १८५६ सालची आहे. फ्रान्समधल्या डिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी आंरी दार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिलं आणि प्रवाह हा पाण्याच्या उंचीतल्या फरकाशी प्रमाणात असतो, हे दाखवलं. भूजलाचं सगळं गणित आजही त्या नियमावर उभं आहे.

मळीच्या मातीतून तासाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी आलं. हिशेब केला तर संवाहकता, म्हणजे मातीची पाणी वाहू द्यायची क्षमता, तासाला सुमारे १२ सेंमी. काळी माती आधी पुरती फुगू दिली, भेगा मिटू दिल्या, मग मोजलं: तासाला २० मिलीच्या आसपास. साठपट फरक.

यावरून ‘वाळूतून पाणी भराभर जातं’ एवढंच लिहून थांबायचा मोह होतो. पण हे मोजमाप प्रत्येक पोकळी पाण्यानं भरलेली असतानाचं आहे. रानात तशी अवस्था पाणी पाजल्यावर काही तासच असते. बाकीचे दहा दिवस मातीत हवा आणि पाणी दोन्ही असतात, आणि ऊस त्याच दिवसांत जगतो. त्या दिवसांचं मोजमाप वेगळं करावं लागेल.

२ फेब्रुवारी

केशाकर्षण, म्हणजे बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढणं. पारदर्शक नळ्यांत कोरडी माती भरून तळ पाण्यात ठेवला. मळीच्या नळीत ओल पहिल्या तासातच वीतभर चढली, दुसऱ्या दिवशी ३० सेंमीच्या जवळ गेली आणि तिथंच थांबली. काळी माती पहिल्या तासात चार बोटंही चढली नव्हती. आज आठवडा झाला, ती अर्ध्या मीटरच्या वर आहे आणि अजून चढतेच आहे.

सूत्र सोपं आहे: सेंमीमध्ये उंची = ०.३ भागिले पोकळीचा व्यास, तोही सेंमीमध्ये. ०.१ मिमीची पोकळी पाणी ३० सेंमी उचलते, ०.०१ मिमीची ३ मीटर. मोठी पोकळी पाणी लवकर वर नेते, कारण वाट रुंद. पण उंच नेण्याची ताकद तिच्यात नाही. हीच गोष्ट उलट बाजूनं वाचली की धारणक्षमता कळते. ०.१ मिमीच्या पोकळीतलं पाणी ३० सेंमी उंचीएवढ्या ताणानं, म्हणजे ३ किलोपास्कलनं सुटतं. गुरुत्वाकर्षणालाच ते काढून घेता येतं. ०.०१ मिमीच्या पोकळीतलं पाणी काढायला ३० किलोपास्कल लागतात आणि तिथं उसाच्या मुळांची ओढ कामी येते.

म्हणजे माती पाणी कशाच्या जोरावर धरते, हे तिच्या पोकळ्यांच्या आकारावर ठरतं. एकूण पोकळी किती, यावर नाही. मळीत एकूण पोकळी ४० टक्क्यांच्या आसपास आहे, काळ्यात पन्नाशीच्या पुढं. फरक काही फार मोठा नाही. फरक आकारात आहे.

१६ फेब्रुवारी

आजचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. मळीची माती एका ९० सेंमी उंच नळीत आणि एका १५ सेंमी उंच कुंडीत भरली, दोन्ही पुरत्या भिजवल्या, वरून झाकल्या आणि खालून थेंब बंद होईपर्यंत ठेवल्या. मग थराथरानं माती काढून वजन केली.

उंच नळीच्या वरच्या भागात आकारमानाच्या १४ टक्के पाणी उरलं. तळाच्या १०-१२ सेंमीत मात्र पोकळ्या जवळजवळ भरलेल्या. कुंडीत सरासरी ३० टक्क्यांच्या जवळ! माती तीच, पाणी तेच, कुंडीत दुप्पट ओल.

कारण असं की पाणी खालच्या मोकळ्या टोकातून बाहेर पडायचं तर तिथं ताण शून्यावर यावा लागतो. तोवर तळाशी पाण्यानं भरलेला थर लटकून राहतो, आणि त्याची उंची मातीच्या पोकळ्यांवर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. बुटक्या कुंडीत तो थरच जवळजवळ सगळी कुंडी व्यापतो. रोपवाटिकांत निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला खडी घालतात, त्यानं हा ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांना उरलेली जागा आणखी कमी होते.

माझ्या कामापुरता अर्थ हा: कुंडीत मोजलेली वाळूची धारणक्षमता रानाला लावता येणार नाही. रानात खाली काय आहे, ते पाहिल्याशिवाय आकडा अपुरा आहे.

२३ फेब्रुवारी

सूर्यफुलाचं बी दोन्ही मातीच्या डब्यांत पेरलं. कोमेजण्याची मर्यादा काढायला. मामांनी, आमच्या प्रयोगशाळेतल्या, डबे खिडकीत ठेवलेत आणि रोज पाणी घालायचं स्वतःहून अंगावर घेतलंय.

९ मार्च

काकांनी आणि मी तीन खड्डे घेतले. वर काळ्यात, खाली मळीत आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात.

काळ्यात मीटरभर एकसारखी माती, खाली खाली जास्त घट्ट, फुगून एकमेकांवर घसरलेल्या चकाकत्या ढेकळांच्या बाजू दिसतात. मळीत ७० सेंमी वाळूसर माती, तिच्याखाली बारीक वाळू. मधला पट्टा सगळ्यांत वेगळा निघाला: वर ४५ सेंमी पोयटा, आणि त्याच्याखाली एकदम जाड, खरखरीत वाळू. कधीतरी नदीनं जोरात येऊन जाड वाळू टाकली असणार, मग संथ पाण्यानं वर गाळ बसवला असणार.

खड्ड्यात उतरून काका म्हणाले, ‘‘ह्या पट्ट्याला मी कधी घाई करत न्हाई. खाली एवढी वाळू हाय ते आज बघतोय, पण ओल इथली लई टिकते. काळ्याच्या जोडीला चालतो हा.’’

‘‘काका, खाली वाळू असून ओल टिकते, का खाली वाळू आहे म्हणून टिकते?’’

‘‘आता ते तू शोध. शिकलीस कशाला?’’

काका तीस वर्षं ह्या रानाला दारं धरतायत. त्यांचं निरीक्षण मला पुस्तकातल्या आकड्याइतकंच विश्वासाचं वाटतं. कोणता वाफा कधी वाफशावर येतो, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून बेताची ओल कधी उरते, ते त्यांच्या पायाला कळतं.

१६ मार्च

मधल्या पट्ट्याचा उलगडा काचेच्या पेटीत झाला. खाली धुतलेली जाड वाळू, वर पोयटा, आणि वरून निळी शाई घातलेलं पाणी थेंबाथेंबानं.

ओलीची निळी कड पोयट्यातून खाली उतरत गेली आणि वाळूच्या सीमेवर येऊन थांबली. पुष्कळ वेळ तिथंच. वरून पाणी येतच होतं, पण ते खाली न उतरता सीमेच्या कडेकडेनं आडवं पसरलं. पोयटा सीमेपाशी पुरता भिजून चकाकायला लागला, तेव्हा कुठं एका जागी पाणी वाळूत घुसलं आणि बोटभर रुंदीच्या वाटेनं सरळ तळाला गेलं. आजूबाजूची वाळू कोरडीच राहिली.

बहुतेकांना याच्या उलट वाटतं, मलाही आकृतीत वाचूनही डोळ्यांनी पाहीपर्यंत ते पुरतं पटलं नव्हतं. वाटतं, खाली वाळू म्हणजे पाणी सुटलंच. पण पोयट्यातलं पाणी बारीक पोकळ्यांनी ताणून धरलेलं असतं. वाळूतल्या मोठ्या पोकळ्यांमध्ये ते ओढून घेण्याची ताकद नसते. ताण जवळजवळ शून्यावर आल्याशिवाय पाणी त्यांत शिरतच नाही. म्हणून खालची वाळू कोरडी असेपर्यंत बांध घालते. बारीक मातीखालचा जाड थर हा केशाकर्षणाचा अडसर आहे, आणि त्यामुळे वरच्या ४५ सेंमी पोयट्यात त्याच्या एरवीच्या वाफशापेक्षा जास्त पाणी राहतं.

काकांना दाखवायला व्हिडिओ काढला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, ‘‘मग त्या पट्ट्यात नांगर खोल घातला तर?’’ अगदी नेमका प्रश्न. खोल नांगरानं पोयटा आणि वाळू एकमेकांत मिसळली की सीमा पुसली जाईल आणि अडसर संपेल. मधल्या पट्ट्यात नांगर एक फुटाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं.

२८ मार्च

सूर्यफुलांचं काम पुरं झालं. १९१२ साली अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी पिकांचं कोमेजणं मोजलं, पुढं सूर्यफूल या कामाला रूढ झालं. रोपाला पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की डब्याचं तोंड मेणानं बंद करायचं, पाणी तोडायचं. पानं पडली की रोप रात्रभर दमट काळोख्या जागी ठेवायचं. सकाळी पानं सावरली तर अजून पाणी आहे. सावरली नाहीत तर मातीत राहिलेलं पाणी त्या रोपाच्या कामाचं नाही. मग माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून वजनातली घट घ्यायची. त्या टोकाला मातीचा ताण १,५०० किलोपास्कल मानला जातो.

आकडे एकत्र लिहिते, सगळे आकारमानाच्या टक्क्यांत. रानात पाणी पाजल्यावर, निचरा मंदावल्यावर, मळीत १४, काळ्यात ४३. कोमेजताना मळीत साडेपाच, काळ्यात २३.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट उठून दिसते. काळी माती जे पाणी धरते, त्यातलं निम्म्याहून जास्त ती पिकाला देतच नाही. मळी धरते थोडं, पण त्यातला साठ टक्के वाटा देऊन टाकते. ‘वाळूत पाणी राहत नाही’ हे म्हणणं खरं असलं तरी अर्धंच आहे. धरलेल्यातलं देण्यात तिचा हात मोकळा आहे.

तरीही पिकाला मिळणारी एकूण ओल मळीत मीटरला ८५ मिमी, काळ्यात २०० मिमी. उसाची कामाची मुळं ६० सेंमीपर्यंत धरली तर ५१ आणि १२० मिमी. उन्हाळ्यात ऊस दिवसाला ६ मिमीच्या घरात पाणी घेतो आणि निम्मी ओल संपली की वाढ अडायला लागते. ५१ ची निम्मी साडेपंचवीस, म्हणजे चार दिवस. १२० ची निम्मी ६०, म्हणजे दहा दिवस. काकांचा ‘पाचवा दिवस’ आणि ‘अकरावा दिवस’ इथं जसेच्या तसे येऊन बसले. मला फार आनंद झाला. घरी फोन करून सांगितलं.

दुसरी गोष्ट आनंदाची नाही. एका पाळीला आपण साधारण ७५ मिमी पाणी देतो. मळीची मुळांची जागा कोमेजण्याइतकी वाळली तरी तिच्यात ५१ मिमीच मावतं. उरलेलं २४ मिमी दर पाळीला खाली जातं. एकराच्या मापानं ते सुमारे ९७ हजार लिटर झालं. नदीतून वीज जाळून चढवलेलं पाणी.

६ एप्रिल

मातीतला ताण मोजायला टेन्शिओमीटर बसवले. टोकाला भाजलेल्या मातीची पाझरणारी बोंडी, माठाच्याच जातीची, वर पाण्यानं भरलेली नळी आणि ताणमापी. माती पाणी ओढते, काटा चढतो. ८०-८५ किलोपास्कलच्या पुढं नळीत हवा शिरते, तिथं यंत्राची हद्द संपते. मळीत ते पुरेसं आहे.

पाळीनंतरच्या सकाळच्या नोंदी, मळीत ३० सेंमी खोलीवर: दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी १३, चौथ्या दिवशी १९, पाचव्या दिवशी ३४, सहाव्या दिवशी साठीच्या पुढं. काळ्यात सहाव्या दिवशीही काटा तिशीत.

मळीतला काटा ज्या दिवशी एकदम उडाला, त्याच दुपारी पानं मिटली. त्या वेळी मातीत पाणी संपलं नव्हतं. माती नेऊन वाळवली तर कोमेजण्याच्या आकड्याच्या वर दोन टक्के ओल होती. मग ऊस का हरला? कारण मोठ्या पोकळ्या रिकाम्या झाल्या की वाळूत पाण्याला चालायला वाटच उरत नाही. दाण्यांवर पातळ थर राहतात, तेही तुटक. मुळाशेजारची चार-दोन मिलीमीटर माती वाळते आणि पलीकडची ओल तिथवर पोचत नाही. पुरती भिजलेली असताना साठपट वेगानं पाणी सोडणारी माती ३० किलोपास्कलच्या ताणाला काळ्या मातीपेक्षाही हळू पाणी देते. २५ जानेवारीला जे वेगळं मोजायचं ठेवलं होतं, ते हे.

म्हणून मळीत पाणी द्यायची खूण २० किलोपास्कल धरली. काळ्यात ४० ते ५० पर्यंत थांबता येईल.

१३ एप्रिल

वाळूच्या बाजूनंही एक गोष्ट नोंदवायला हवी. दोन्ही माती उथळ पत्र्याच्या ट्रेमध्ये न भरता अर्धा मीटर खोल बादल्यांत भरून, वाफशावर आणून उन्हात ठेवल्या आणि रोज वजन केलं. मळीच्या बादलीनं पहिले दोन दिवस भराभर पाणी गमावलं, मग घट जवळजवळ थांबली. वरचे दोन-तीन सेंमी खडखडीत, आणि चार बोटं उकरलं की गार ओल. काळ्या मातीची घट मंद, पण रोजची. आठवड्यात तिला भेगा गेल्या आणि भेगांच्या आतूनही वाळणं सुरू झालं.

वरचा वाळलेला थर खालून पाणी चढू देत नाही, म्हणून मळीतल्या ओलीवर आपोआप झाकण बसतं. इमॅन्युएल नॉय-मेयर यांनी १९७३ साली वाळवंटी प्रदेशांबद्दल लिहिताना हेच मांडलं: जिथं पाऊस कमी, तिथं भरड मातीत झाडोरा जास्त तग धरतो, कारण पाणी उन्हाच्या हाताबाहेर खोल जाऊन राहतं. जास्त पावसाच्या भागात याच्या उलट, तिथं बारीक माती सरस. पावसाळ्यात भुईमूग मळीत का साधतो आणि रताळी तिथं का पोसतात, याचं सगळं उत्तर यात नाही. मोकळी, हवेशीर, सहज उकरता येणारी जमीनही त्याला हवी असते. पण ओलीचा वाटा आहे.

२१ एप्रिल

काल वळवाचा पाऊस, तासाभरात चांगला झोडपून गेला. काळ्यातून पाणी सऱ्यांनी वाहून ओढ्याला लागलं. मळीत एक थेंब वाहिला नाही. टेन्शिओमीटर १५ दाखवत होता, म्हणून लगेच माती काढून वाळवली. वाळत जाताना १५ ला जेवढी ओल होती, त्यापेक्षा आज भिजताना १५ ला कमी निघाली. मातीची भिजण्याची आणि वाळण्याची वाट वेगळी असते, आणि हा फरक वाळूत जास्त ठळक दिसतो: पोकळी मोठी, तिचं तोंड अरुंद, वाळताना अरुंद तोंड पाणी अडवून धरतं, भिजताना मोठं पोट ताण बराच उतरल्याशिवाय भरत नाही. पावसानंतर लगेच काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, एक दिवस थांबायचं.

४ मे

ठिबकची चाचणी. तासाला ४ लिटरचा एक ड्रीपर मळीत आणि एक काळ्यात, दोन तास चालवून बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रीपरखालून चर खणून ओलीचा आकार मोजपट्टीनं घेतला. मळीत रुंदी ४५ सेंमी, खोली ६५. काळ्यात रुंदी ६५, खोली २५. दोन्हीकडे पाणी ८ लिटरच.

दोन्हीकडे सारखंच अंतर ठेवलं असतं तर मळीत दोन ड्रीपरच्या मधला ऊस कोरडा राहिला असता. आणि जास्त वेळ चालवून रुंदी वाढवू म्हटलं तर ओल रुंद होण्याऐवजी मुळांच्या खाली गेली असती. मळीत ३० सेंमीवर ड्रीपर, तोही तासाला २ लिटरचा. काळ्यात ५० सेंमी चालेल.

११ मे

मळीत रोज थोडं पाणी द्यायचं तर उपसा योजनेच्या अकरा दिवसांच्या पाळीवर ते जमणार नाही. आपल्याच पट्ट्यातली जुनी विहीर बघायला हवी, असं काका म्हणाले. ३ मीटर व्यासाची, वाळूत उतरलेली.

हिशेब असा: १५ गुंठे म्हणजे सुमारे १,५१८ चौरस मीटर. रोज ६ मिमी म्हणजे ९ हजार लिटर. विहिरीत तेवढ्यानं पाणी १.३ मीटर उतरेल. आज सकाळी मोटर लावून तेवढं उतरवलं आणि दोरीला गाठी मारून पाण्याची चढ बघत बसलो. दुपारच्या जेवणाला घरी जाऊन आलो, तोवर बरंच भरलं होतं. सूर्य मावळायच्या आत पाणी मूळ खुणेला लागलं.

वरच्या काळ्यातली विहीर एवढी उपसली तर दुसऱ्या दिवशीही भरत नाही. भरलेली वाळू निचरू दिली की आकारमानाच्या २० ते २५ टक्के पाणी सोडून देते. चिकणमाती दोन-तीन टक्के. मुळांच्या थरात जो स्वभाव उसाला नडतो, तोच खाली विहिरीला पोसतो.

आणि हे पाणी येतं कुठून? खालच्या अंगाच्या कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की नदी फुगते, काठाची वाळू पाणी पिऊन घेते, विहिरीची पातळी चढते. बरगे काढले की काठ तेच पाणी हळूहळू नदीला परत देतो. नदीपात्रातली आणि काठावरची वाळू ही आमच्या गावाची साठवण आहे. घनमीटरभर वाळू पात्रातून उचलली की २०० ते २५० लिटर पाणी साठवायची जागा कायमची गेली. वाळू उपशाबद्दल गावात बोलणं निघतं, तेव्हा बांधकामाचा दर निघतो; हा हिशेब कुणी मांडत नाही. ग्रामसभेत मी तो मांडणार आहे, याच दोरीच्या गाठी दाखवून.

या विहिरीचं पाणी तपासायला दिलं होतं. नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे, पण वरच्या विहिरीच्या दुपटीहून जास्त. दर पाळीला खाली जाणारं ते २४ मिमी पाणी एकटं जात नाही. युरियातून तयार झालेलं नायट्रेट सोबत नेतं. वाळू ते अडवून ठेवू शकत नाही. मळीत युरियाचा एकगठ्ठा हप्ता बंद. ठिबकमधून, दर आठवड्याला थोडा.

१८ मे

काकांची सूचना: तळ्यातला गाळ आणून मळीत टाकू. राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली सुरू झाली, आसपास गाळ मिळतोही. हिशेब केला. एक एकर, एक फूट खोल माती म्हणजे सुमारे १,९०० टन. तिच्यात चिकणमातीचा वाटा पाच टक्क्यांनी वाढवायचा तर निव्वळ चिकणच ९५ टन, आणि गाळ काही निव्वळ चिकण नसतो. १५ गुंठ्यांना त्याच्या तीन-अष्टमांश, तरी ट्रॉल्यांचा आकडा बघून काका गप्प झाले. शिवाय पूर येतो त्या पट्ट्यात टाकलेलं राहीलच, असं नाही.

पाचट मात्र आपल्याच रानातलं आहे. ते न पेटवता सरीत दाबायचं, वर थोडं शेणखत. कुजलेला अंश वाळूच्या मोठ्या पोकळ्यांच्या मधे बारीक पोकळ्या तयार करतो, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्यात. एका वर्षात फरक दिसणार नाही. पुढच्या मार्चमध्ये याच जागी पुन्हा माती काढून वाफशावरची ओल मोजायची. १४ चे साडेचौदा झाले तरी मी ते यश मानीन.

२२ जून

पाऊस लागला. टेन्शिओमीटर काढून आणले. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका धरतात. आमचा मळीचा पट्टा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो.

ठिबकवाल्याला नवा कागद दिला. दोन वाल्व वेगळे, मळीचा एक, काळ्याचा आणि मधल्या पट्ट्याचा एक. मळीत दीड मीटरच्या सऱ्या, ३० सेंमीवर तासाला २ लिटरचे ड्रीपर, म्हणजे तासाला सुमारे साडेचार मिमी. एप्रिल-मेमध्ये रोज एक तास वीस मिनिटं, थंडीत एक दिवसाआड. पाणी आपल्या विहिरीचं. काळ्यात आणि मधल्या पट्ट्यात ५० सेंमीवर, योजनेच्या पाण्यावर टाकी भरून, चार दिवसांतून एकदा. त्यानं पहिल्यांदा मान हलवली, मग मळीच्या चराचे फोटो बघितले आणि नळीचा दर नव्यानं काढून देतो म्हणाला.

काका म्हणाले, ‘‘ते काट्याचं यंत्र ऑक्टोबरात परत लाव. वीस झालं की मी मोटर चालू करतो.’’ त्यांच्यासाठी वीसच्या आकड्यावर लाल रंग लावून ठेवला आहे. मधल्या पट्ट्यातही एक यंत्र बसवायचं, पोयट्याच्या अगदी तळाशी, ४० सेंमीवर. अडसर फुटून पाणी वाळूत कधी उतरतं, ते तिथं कळेल.